इथवर तिचं

वाटेत कुठंही उकरलेली माती दिसली की तो बैलबंडी थांबवायचा. खाली उतरून चिमूटभर माती जिभेच्या टोकावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि थुंकायचा.

"खारट हाय गा. चाल पुढं."

मग पुन्हा बंडीवर बसायचं. कोसभर गेलं की पुन्हा तेच.

तुम्ही म्हणाल, माणूस मातीतला जाणकार असेल. कशाचा जाणकार! त्याची बायको माती अशी जिभेवर ठेवायची, एवढंच त्यानं पाहिलं होतं. ठेवल्यावर ती काय ओळखायची, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि आता विचारायला ती नव्हती. म्हणून त्याला नाल्याची, बांधाची, खदानीची, सगळीकडचीच माती खारट लागायची.

आम्ही दोघंही बंडीवाले. नेरच्या बाजारातून कापूस भरायचा आणि सरकी काढायच्या जिनात नेऊन टाकायचा, हे आमचं काम. घरंही एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी त्याला छळलं त्यांचीही लिहीत नाही. त्यांची नातवंडं अजून मला रस्त्यात रामराम करतात, आणि त्या पोरांचा काही दोष नाही.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढल्या दिवाळीची ही गोष्ट. दिवाळी आली की गल्लीतल्या बाया घरं सारवायच्या, भिंती पोतारायच्या. कोणी पांढरी माती लावायची, कोणी चुन्यात नीळ टाकायची. पण भाऊच्या घरची पिवळी भिंत पाहायला बाया दुसऱ्या गल्लीतून यायच्या. ओसरीतली, दाराशेजारची ती भिंत. पिकलेल्या लिंबाचा रंग असतो ना, तसा तिचा रंग. आणि ओली असतानाच त्या बाईनं चार बोटांनी ओढलेल्या लहरी. वरच्या आढ्यापासून खालपर्यंत एक लहर दुसरीला शिवायची नाही. रंग विकत आणलेला नाही, कुंचा नाही, हातात नुसता चिंध्यांचा पोतारा.

माती कुठून आणायची, हे मात्र ती कोणाला सांगायची नाही. बायांच्या मातीच्या जागा त्यांच्या त्यांनाच ठाऊक असतात. पुरुषाला तर त्या कधीच कळत नाहीत, कारण पुरुष विचारतच नाही.

त्या वर्षी तिनं आतल्या भिंती उरकल्या, ओसरीची भिंत वरून धरली, छातीपर्यंत खाली आणली, आणि तापानं पडली. दिवाळीच्या आधी गेली. भिंत अर्धी पिवळी आणि अर्धी उघडी, भुईमातीच्या रंगाची.

भाऊ रोज संध्याकाळी बैल सोडून त्या भिंतीसमोर बसायचा. एक दिवस म्हणाला, "मी हे पुरी करतो."

मी म्हटलं, "भाऊ, डोकं फिरलं काय गा तुहं? ते बायकायचं काम."

"बायको होती तेव्हा बायकोचं होतं. आता कोनाचं हाय?"

मला ते पटलं.

पण गल्लीला बोलायला तोंड होतं. दुखवट्याच्या वर्षात घराला रंग लागत नाही, ही आमच्याकडची रीत. सण नाही, गोडधोड नाही, भिंतीला हात नाही. आमच्या गल्लीत एक कारभारी होते. किराण्याचं दुकान, दोन मजली घर, आणि जातीच्या पंचात मधली जागा. ते भाऊच्या ओसरीवर आले आणि काठी टेकून म्हणाले, "हे भित यंदा अशीच राहीन. रीत म्हंजे रीत."

आणि पुढच्याच दमात भाऊच्या लग्नाच्या लेकीबद्दल काय म्हणाले, ऐका. "पोरगी मात्र वर्साच्या आत उजवून टाक. नाहीतं तीन वर्सं थांबा लागते."

तीही रीतच. घरात आई किंवा बाप गेला तर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आता तुम्हीच सांगा, ज्या दारात मांडव घालायला चालतं, त्या दाराची भिंत पोतारायला का चालत नाही? मी तेव्हाही हे विचारलं होतं. कारभारी म्हणाले, "तुले नाही समजत." माझी शाळा दुसरीतच सुटली, हे खरं. पण यात शाळेत शिकण्यासारखं काय होतं?

आणि हेच कारभारी! आदल्या वर्षी त्यांचा सख्खा भाऊ वारला, त्याच्या दोन महिन्यांत त्यांच्या माडीच्या छपरावर नवे कवेलू चढले. मीच माझ्या बंडीतून आणून टाकले होते ते. तेव्हा कोणी काठी टेकली नाही. ती म्हणे दुरुस्ती होती.

भाऊ कारभाऱ्यांशी भांडला नाही. एवढंच म्हणाला, "पोरीले पाहाले पाहुने येतीन. पोरीची माय कशी होती म्हनून इचारतीन. मंग मी काय दाखवू? अर्धी भित?"

त्याच्या मनात हे पक्कं बसलं होतं. लेक पसंत व्हायची तर तिची माय कोण होती हे लोकांना दिसलं पाहिजे, आणि ती दिसायची तर त्या भिंतीवरच. पाहुणे येण्याआधी भिंत पुरी व्हायला हवी होती.

लेकीला मातीची जागा ठाऊक नव्हती, म्हणून त्यानं आधी गल्लीतल्या बायांना विचारलं. माझ्या घरच्या बाईलाही विचारलं. "वहिनी, थे पिवळी माती कुठची वं?" एकीनं पदर तोंडावर घेतला, दुसरी विहिरीकडे चालती झाली. माझ्या बायकोला खरंच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असावं अशी शंका होती, त्या म्हणाल्या, "यंदा तुमच्या घरी माती चालत नाही, भाऊजी." वर्षानुवर्षं त्याच बाईच्या ओसरीत बसून पान खाल्लेल्या बाया या!

म्हणून मग आम्ही फिरायला लागलो. जिन बंद असलं की माझी बंडी जुंपायची, फावडं आणि टोपलं टाकायचं आणि निघायचं. मी आयुष्यभर त्या गावात राहिलो, पण गावाच्या भोवती काय काय आहे हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. कुंभाराच्या भट्टीमागचा राखेचा उकिरडा. मुरमाच्या खदानीत साचलेलं हिरवं पाणी आणि त्यात म्हशी. जुन्या विहिरीचा उपसा, त्यावर वाढलेली तरवड. नाल्याच्या वळणावर एक दरड अशी होती की तिच्यात पांढरी, तांबडी, करडी अशा मातीच्या पट्ट्या एकावर एक दिसायच्या, जशी घडी केलेली लुगडी. तिथं भाऊ कितीतरी वेळ उभा राहिला.

"हे पाहाले थे येत असन काय गा?"

"मले काय ठाऊक? तुही बायको."

"हाव. माही बायको." दरडीला हात लावून म्हणाला, "मी जिनात जाओ, अन् थे इकडे हिंडे. सांगे बी नाही."

"तू इचारलं होतं काय?"

त्यानं मातीची चिमूट तोंडात टाकली आणि थुंकला. "खारट."

शेवटी माती सापडली ती तांड्यावर. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. तिथली एक म्हातारी, हातभर चुडे घातलेली, आम्हाला पळसाखाली थुंकताना पाहून काठी घेऊनच आली.

"काय रे, माती खाता का? घरी भाकर नाही?"

भाऊनं हात जोडले. "याडी, पिवळी माती पायजे. माही बायको नेत होती. उंच होती, डाव्या गालावर तीळ."

म्हातारीची काठी खाली आली. "ती कुठं हाये? यंदा अर्धीच माती नेली, बाकीची न्याले दिवाळीले आली नाही. मी वाट पाह्यली."

भाऊनं सांगितलं. म्हातारी मटकन खाली बसली आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणत रडायला लागली. सूर लावून, मोठ्यानं. गल्लीतल्या बायांनी रडून उरकलं होतं, ते आठ दिवसांचं. ही दोन महिन्यांनी, पळसाखाली, आमच्यासमोर रडली. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाली, "वरची घेऊ नको. वरची खारी हाये. गुडघाभर खंद, मग गोड लागते."

त्यानं खणलं. चिमूट जिभेवर ठेवली. थुंकला नाही. माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

माती मिळाली म्हणजे भिंत झाली, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. मातीत शेण कालवावं लागतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. शेण आमच्या बैलांचं, आयतं होतं. पण जिनावर चालणारे बैल सरकी खातात, आणि सरकी खाल्लेल्या बैलाच्या शेणात कापसाचे तंतू आणि टरफलं जशीच्या तशी येतात. बायांना हे ठाऊक असतं, त्या चरणाऱ्या गाईचं शेण घेतात. आम्ही पोरीलाही न विचारता घेतलं आमचं. दुसऱ्या दिवशी भिंत वाळली आणि खालच्या सगळ्या भागावर पांढरे तंतू उभे राहिले.

गल्ली हसायला जमली. "अवं माय, भितीले मिशा फुटल्या!"

भाऊनं सगळं खरवडलं आणि पुन्हा धरलं. लहरी ओढायला गेला तर त्याची चार बोटं चार दिशांनी जायची. दोरखंड ओढून राठ झालेली बोटं ती, त्यांना ओली माती कळतच नव्हती. एक बाई दारावरून जाताना दुसरीला म्हणाली, "हे काय वं, बैल मुतत गेल्यावानी!" मला इतका राग आला की मी फावडं उचललं. भाऊ म्हणाला, "खरंच तं म्हन्ते थे." आणि मान वाकडी करून स्वतःच्या लहरींकडे पाहत बसला.

पण भिंत पुरी झाली. वर तिची, खाली त्याची. आंधळ्यालाही कळावं इतका फरक.

माघात कळंबकडून पाहुणे आले. मुलाचा बाप, काका आणि आणखी दोघं. मुलगा शेतीवाला, घर चांगलं. मी भाऊला आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं. "कोनी इचारलं तं सांगजो, बाईनं जाताजाता केलं. तापात होती, म्हनून खाली हात हालला. झालं. बाहेरच्या मानसाले काय कळते?" तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी समजलो, कबूल आहे.

चहा झाला. पोरगी पाहून झाली, ती आत गेली. मुलाचा काका भिंतीकडे पाहत होता. म्हणाला, "भित लय खाशी हाय. वरतून तं नजर हटत नाही. पन खाली हे असं काहून?"

कारभारी खाकरले. पंच म्हणून त्यांना बोलवावंच लागलं होतं. "पाहुने, आता इचारलंच तं सांगतो. हे घर दुखवट्यात हाय, अन् धन्यानं रंग लावला. आमी मना केलं होतं. पन रीत म्हंजे रीत, लपवून कसं चालन?"

कोणी विचारलं होतं त्यांना? कोणाचं काय बिघडत होतं? पाहुण्यांचे कप हातातल्या हातात थांबले. मी पुढे झालो. "नाही हो, बाईनंच केलं होतं सारं. तापात होती बिचारी, म्हनून खालचं..."

"खोटं नको बोलू गा."

भाऊ उठला होता. आणि रागावला होता कोणावर, तर माझ्यावर! कारभाऱ्यांकडे त्यानं पाहिलंही नाही. भिंतीजवळ गेला आणि छातीच्या उंचीवर बोट ठेवलं.

"इथवर तिचं. इथून खाली माहं. तिच्या हातचं असं कधीच नसे. तिनं जन्मात अशी भित केली नाही. माह्या गबाळ्यावर तिचं नाव कायले टाकता?"

मग मुलाच्या बापानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बरं. कळवतो." पाहुण्यांचं 'कळवतो' म्हणजे काय, हे तुम्हालाही माहीत आहे. ते उठले, जोडे शोधायला लागले.

तेवढ्यात आतून लेक आली. डोळे लाल होते, पण आवाज धड होता. "बाबा, वरचं बी सारं मायचं नाही. थ्या कोपऱ्यातलं माहं हाय. माय शिकवत होती."

पाहुणे अजून अंगणात होते आणि हा माणूस कोपऱ्यात जाऊन वर पाहायला लागला. "हे? हे तुहं? मंग आधी सांगा लागे ना वं माय! मी चार लोकात सारं तिचं म्हनून बसलो."

मी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. अजूनही ती गोष्ट आठवली की मला त्याचा राग येतो. एका शब्दानं पोरीचं लग्न जमलं असतं! पण त्याचा राग थोडा वेळ टिकतो. कारभाऱ्यांचा अजून गेलेला नाही.

मी त्याच दिवशी त्यांच्या ओट्यावर गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी बोललो. "कवेलू चढवले तेव्हा तुमची रीत कुठी गेलती?"

"थे दुरुस्ती होती."

"मंग हे बी दुरुस्तीच होती. मानसाची."

त्यांनी मला उधारी बंद केली. करू दे. मी त्यानंतर त्यांच्या दुकानातून काडीपेटीसुद्धा घेतली नाही.

वर्ष सरलं, लग्न जमलं नाही, आणि त्या पोरीला तीन वर्षं थांबावं लागलं. ऐन उमेदीची तीन वर्षं. गल्लीतल्या तिच्या जोडीच्या पोरी मुलं घेऊन माहेरी यायच्या, आणि ही दारात शेण कालवायची. तिनं बापाला कधी बोल लावला नाही. मी लावला असता.

शेवटी उमरखेडकडची माणसं आली. लांबचा प्रवास, दोन गाड्या बदलून, धुळीनं माखलेली. मी हात जोडून भाऊला म्हटलं, "आता तरी तोंड बंद ठेवजो." कसला ठेवतो! पाणी देऊन झालं न झालं तोच हा भिंतीपाशी. "इथवर तिचं, थो कोपरा पोरीचा, अन् हे खालचं माहं." मुलाचा बाप आडमाप अंगाचा शेतकरी माणूस. त्यानं खालचं निरखून पाहिलं आणि खो खो हसला. "भाऊ, तुमच्या हातचं असं, तं आमच्या हातचं कसं झालं असतं!" लग्न ठरलं.

पोरगी गेल्यावर तो एकटा. दर दिवाळीला तांड्यावर जायचा, याडीसाठी गुळाचा खडा न्यायचा, माती आणायचा आणि फक्त आपला भाग पोतारायचा. तिच्या भागाला हात लावायचा नाही, नुसता मऊ कुंच्यानं धूळ झाडायचा. हात बसत गेला. दोन-तीन दिवाळ्या तर अशा झाल्या की तिचं कुठं संपतं आणि त्याचं कुठं सुरू होतं, ते त्यानं बोट ठेवून दाखवलं तरच मला कळायचं. गल्लीतल्या बाया यायच्या, माती कुठची म्हणून विचारायच्या. त्याच बाया! आणि हा सांगायचा. पळस सांगायचा, गुडघाभर खणायला सांगायचा. कारभाऱ्यांच्या सुनेलाही सांगितलं.

मी म्हटलं, "तुले लाज नाही काय गा? यायनं तुले सांगतलं होतं काय?"

"म्हनून तं हिंडनं झालं," तो म्हणाला. "नाहीतं मी काय पाह्यलं असतं?"

पुढे बंडी उलटली आणि त्याचा खांदा गेला. गुडघे आधीच गेले होते. मग तो बसून पोतारायचा. हात खांद्याच्या वर जायचा नाही. मी म्हटलं, तुझा हात पोचत नाही तो मधला पट्टा मी करतो. "चौथा हात नको," म्हणाला. दोन वर्षांत मधल्या पट्ट्याचे पोपडे सुटले आणि आतली भुईमाती दिसायला लागली.

तो गेला तो दिवाळीनंतर, पहिल्या थंडीत. उमरखेडहून लेक आली. तेरवीच्या दिवशी कारभारी आले, आता वाकलेले, पण काठी तीच. भिंतीकडे पाहून म्हणाले, "आता तरी हे एकसारखी करून टाक, पोरी. लोकं पाहातीन तं काय म्हनतीन?" आणि दुकानातून चुन्याची भरलेली बादली पाठवून दिली.

दुखवटा अजून चालूच होता. मी कारभाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी नजर काढून घेतली.

लेक ओसरीत उभी होती. वर आईची पिवळी, आता जुन्या हळदीसारखी झालेली. त्यातला एक कोपरा तिचा. खाली बापाची, दोन महिन्यांपूर्वीची, ताजी, आणि थरथरत्या बोटांनी पुन्हा वाकडी झालेली. मध्ये हातभर कोरा पट्टा. तिनं त्या पट्ट्यावर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काढून घेतला. मग दाराला कुलूप लावलं आणि उमरखेडची वाट धरली.

बादली अंगणातच राहिली. कारभाऱ्यांचा माणूस ती न्यायला दोनदा आला. मी नेऊ दिली नाही; दुखवट्यात चुना कोणी धाडला, ते गल्लीला दिसू दे. चुना वाळला, आटला, त्याला तडे गेले.